मुशीला भेटायला जाताना काय घालावं?

कुठं काय घालून जावं याचे आपल्याकडे पक्के संकेत आहेत. लग्नाला पैठणी, संक्रांतीला काळी चंद्रकळा, दुःखाच्या घरी भेटायला जाताना फिकं, साधं काहीतरी. नवरात्रात तर डोक्याला तेवढाही ताप नाही. नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रात छापून येतात आणि त्या त्या दिवशी लोकलचा महिला डबा एका रंगात न्हाऊन निघतो. बँकेतल्या साहेबांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, की आज पिवळा आहे.

पण एका जागेचा पोशाख कुणीच ठरवून दिलेला नाही. समुद्रात वीस मीटर खाली, पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि समोरच्या निळ्या धुक्यातून शार्क येण्याची शक्यता. तिथं काय घालावं? आजीला विचारून उपयोग नाही. वर्तमानपत्रानेही ही जबाबदारी अजून घेतलेली नाही.

डायव्हर मंडळींत मात्र हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे. आयुष्यात शार्क दिसला नसेल, दिसण्याचा संभवही नसेल, तरी पायात घालायचे नवे फिन विकत घेताना माणूस क्षणभर थबकतोच. पिवळे घेऊ? ते शार्कला लगेच दिसतात म्हणे. मग काळे? पण काळे घातले तर आपण सीलसारखे दिसतो म्हणे. मग निळे घ्यावेत, पाण्यात मिसळून जातील. पण मिसळून गेलो तर आपला जोडीदार आपल्याला शोधणार कसा? अशा रीतीने दुकानात अर्धा तास उभं राहून माणूस शेवटी ज्यावर सूट आहे ते फिन घेऊन घरी येतो.

जुन्या पिढीपुढे हा पेचच नव्हता. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र सिद्ध केलं. पुढे 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रिनचा वेटसूट सुचवला. निओप्रिन काळं, म्हणून वेटसूट काळा. पुष्कळ वर्षं समुद्राखाली कायमची संक्रांत होती म्हणा ना. रंग आले ते नंतर, फॅशनबरोबर, आणि रंगांबरोबर भीतीही आली. निवडीला वाव मिळाला की चुकीची निवड होण्याची धास्तीही पाठोपाठ येते.

या धास्तीला एक नावही आहे, आणि ते नाव कुणा विनोदी लेखकाने नव्हे, अमेरिकी नौदलाच्या वर्तुळातल्या लोकांनी प्रचारात आणलं: 'यम यम यलो'. बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी आणि समुद्रात उतरावं लागलेले वैमानिक यांची जीवरक्षक जाकिटं पिवळी किंवा नारिंगी असत, कारण वरून शोधणाऱ्या विमानाला ती चटकन दिसावीत. मग शंका निघाली, की विमानाला दिसतं ते शार्कलाही दिसत असणार. 1970च्या दशकात तशा चाचण्या झाल्या. पिवळ्या आणि चकाकणाऱ्या वस्तूंकडे शार्क जास्त वळतात आणि काळ्या वस्तूंकडे त्या मानाने कमी, असं त्यांत दिसलं. झालं. जगभरच्या डायव्हरांनी आपापल्या पिवळ्या फिनांकडे संशयाने बघायला सुरुवात केली.

शार्कपासून माणसाला लपवण्याचे नौदलाचे प्रयत्न त्याआधीपासूनचे होते. दुसऱ्या महायुद्धात 'शार्क चेझर' नावाची एक वडी तयार झाली होती. तीत कॉपर अॅसिटेट होतं, ज्याचा वास सडलेल्या शार्कची आठवण करून देईल अशी अपेक्षा होती, आणि सोबत काळा रंग होता. वडी पाण्यात विरघळली की माणसाभोवती काळा ढग पसरायचा. या वडीवर काम करणाऱ्यांत ज्यूलिया मॅक्विल्यम्स नावाची एक तरुणी होती. हीच पुढे ज्यूलिया चाइल्ड या नावाने अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवून जगप्रसिद्ध झाली. ज्या बाईच्या हातची चव पुढे घराघरांत पोचली, तिच्या आरंभीच्या कामांतलं एक काम कुणी तोंडही लावू नये असा पदार्थ तयार करण्याचं होतं, याची मला फार गंमत वाटते. वडीचा उपयोग किती झाला हे वादग्रस्तच राहिलं. पण काळ्या ढगात बसलेला खलाशी वरच्या विमानाला कसा दिसायचा, हा प्रश्न त्या काळातल्या एखाद्या खलाशाला नक्की पडला असेल.

पुढे नौदलाच्याच सी. स्कॉट जॉन्सन यांनी आणखी सरळ उपाय काढला. पिशवी! गडद रंगाची भलीमोठी पिशवी, तोंडाला हवेने फुगणारी कडी. समुद्रात पडलेल्या माणसाने तीत पाणी भरायचं, आत उभं राहायचं, आणि डोकं तेवढं वर ठेवायचं. पाय दिसत नाहीत, रक्ताचा वास बाहेर जात नाही. मला ही कल्पना शास्त्रीयदृष्ट्या पटते. पण भर महासागरात स्वतःच्या पिशवीत उभा राहून बोटीची वाट पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, की शार्कसुद्धा जरा अदबीने बाजूला होत असेल असं वाटतं.

आता या सगळ्या उपद्व्यापात ज्याच्या नजरेचा प्रश्न आहे त्याला कुणी विचारलं का? विचारलं. 2011 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या नेथन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शार्कच्या 17 जातींचे डोळे तपासले. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शलाकापेशी अंधुक उजेडात काम करतात, शंकुपेशी भर उजेडात. रंग ओळखायचा तर निदान दोन प्रकारच्या शंकुपेशी हव्यात, कारण एकीच्या साक्षीशी दुसरीची साक्ष ताडून पाहिल्यावरच मेंदू म्हणतो, हा तांबडा, तो हिरवा. या 17 जातींपैकी 10 जातींत शंकुपेशी आढळल्याच नाहीत. उरलेल्या 7 जातींत होत्या, पण एकाच प्रकारच्या. म्हणजे शार्कांना बहुधा रंगच दिसत नाहीत.

ज्यांनी काळा-पांढरा टीव्ही पाहिला आहे त्यांना शार्कची दृष्टी समजावून सांगावी लागणार नाही. मुंबई दूरदर्शन 1972च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं आणि रंग आला तो पुढे दहा वर्षांनी. मधल्या काळात बातम्या देणाऱ्या बाईंची साडी कोणत्या रंगाची, यावर चाळीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे किती तरी चर्चा झडल्या असतील. मोरपंखी म्हणावी तर मोरपंखी, डाळिंबी म्हणावी तर डाळिंबी. सगळ्या राखाडी. पण काठ ठळक असले तर ते मात्र सगळ्यांना दिसायचे. शार्कचं तेच आहे. साडी कोणती हे त्याला कळत नाही, काठ कळतात. निळ्याशार पाण्यावर पिवळा फिन त्याला पिवळा म्हणून दिसत नाही, भोवतालापेक्षा उजळ म्हणून दिसतो. काळ्या वेटसूटातून बाहेर आलेले गोरे हात, काळ्या पोशाखावरचा पांढरा पट्टा, उन्हात लखलखणारं घड्याळ, हे सगळे काठ झाले. बहामात शार्कांच्या सान्निध्यात डायव्हिंग करवणारे लोक पाहुण्यांना गडद हातमोजे घालायला आणि हात अंगाशी ठेवायला सांगतात ते यासाठीच. फिकट, वळवळणारी बोटं आणि आमिषाचा मासा यांतला फरक ओळखायची जबाबदारी त्यांना शार्कवर टाकायची नसते.

फ्लोरिडाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात शार्कदंशांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिथली मंडळीही सांगतात, की चकाकणारे दागिने घालून पाण्यात उतरू नका, ते माशाच्या खवल्यासारखे चमकतात. हे वाचलं आणि मघाशी आजीबद्दल घाईने बोललो असं वाटलं. समुद्रावर जाताना सोनं काढून ठेव, हे तिने किती तरी आधी सांगून ठेवलं होतं. तिच्या मनात चोर होता, संग्रहालयाच्या मनात शार्क आहे. सल्ला तोच.

रंगाच्या चर्चेत आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे पाणी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तुम्ही रंग निवडता खरा, पण पाणी तो तसाच ठेवीत नाही. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. मग नारिंगी जातो, त्यामागून पिवळा. खाली उरतो तो निळा. लालभडक वेटसूट घालून तुम्ही ऐटीत उतरता आणि पंधरा मीटरवर पोचेपर्यंत तुमच्या अंगावर काळपट काहीतरी असतं. खोलात बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट दिसतं. टॉर्च लावला तरच रंग परत येतात. तेव्हा 'लाल रंगाने शार्क चवताळतो का' या प्रश्नाचं उत्तर असं, की तिथं लाल रंगच पोचत नाही आणि पोचला तर तो पाहणारा डोळा नाही. ज्यांनी लाल सूटसाठी चार पैसे जास्त मोजले त्यांनी मन खट्टू करू नये. बोटीवर तो छान दिसतो, आणि फोटो बोटीवरच काढले जातात.

व्हॅलरी टेलर या ऑस्ट्रेलियन डायव्हर बाईंनी ही गोष्ट स्वतःपुरती केव्हाच मिटवली होती. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी 'जॉज' या 1975च्या चित्रपटासाठी खऱ्या शार्कांचं चित्रण केलं. पोलादी कड्यांचा चिलखती पोशाख घालून शार्कला आपला हात चावायला देण्याचा प्रयोगही व्हॅलरीबाईंनी केला. शार्कांच्या इतकं जवळ गेलेली ही बाई पुढे गुलाबी वेटसूट घालून पाण्यात उतरू लागली. सगळ्या पुस्तकी वादावर हा एक पोशाख भारी आहे.

पण माणसाची जात उपाय सोडत नाही. शार्कला रंग दिसत नाही, उजळ-गडद भेद दिसतो, हे कळल्यावर त्याच संशोधनाच्या आधारे 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात दोन प्रकारचे वेटसूट बाजारात आले. एक निळ्या-पांढऱ्या नक्षीचा, पाण्यात मिसळून जाण्यासाठी. दुसऱ्यावर काळे-पांढरे ठसठशीत पट्टे. समुद्रात विषारी सापांच्या अंगावर पट्टे असतात, तेव्हा हे पट्टे पाहून शार्कने 'नको ती भानगड' म्हणावं अशी योजना. एक सूट म्हणतो, मी इथं नाहीच. दुसरा म्हणतो, मी आहे, पण खाण्यातला नाही. मला विचाराल तर यातला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो. नसल्याचं सोंग करण्यात एक अडचण असते: सोंग उघडं पडलं की सांगायला दुसरं काही उरत नाही.

आणि सोंग उघडं पडायला समुद्रात फार वाटा आहेत. शार्कला तुम्ही दिसण्याआधी ऐकू येता. स्कुबाच्या तोंडनळीतून दर उच्छ्वासाला बुडबुड्यांचा लोट उठतो, आणि शांत समुद्रात तो कोलाहलच असतो. पाण्यातली बारीक हालचाल टिपायला शार्कच्या कुशीला एक संवेदनरेषा असते. वासाबद्दल तर बोलायलाच नको. यांखेरीज त्याच्या नाकाडावर बारीक बारीक छिद्रं असतात. स्टेफानो लोरेंझिनी या इटालियन वैद्याने 1678 मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण ती कशासाठी आहेत हे कळायला जवळजवळ तीनशे वर्षं लागली. त्या छिद्रांतून शार्कला वीज कळते. जिवंत प्राण्याचा स्नायू आकसला की अगदी सूक्ष्म विद्युत्क्षेत्र तयार होतं; वाळूत पुरून घेतलेला मासासुद्धा शार्क त्यावरून हुडकून काढतो, हे आद्रियानुस काल्मेन या शास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवून दिलं. ही विद्या फक्त जवळून चालते, पण चालते. आता पाहा: तुम्ही निळा सूट, निळे फिन, निळा मुखवटा, सगळं निळं घालून एका खडकाला चिकटून बसला आहात, आणि तुमचं काळीज धडधडतं आहे. शार्क जवळून गेला तर त्याला तुमच्या कपड्यांतलं काही कळणार नाही, पण काळजाची ती धडधड कळायचा संभव आहे. भीती लपवायला निओप्रिन अपुरं पडतं.

मग शार्कने आपल्याला पाहू नये, हा हट्टच कशाला? आपल्याकडे लक्ष जाणं आणि आपल्याला चावा बसणं या दोन गोष्टी आपण मनात इतक्या घट्ट जोडल्या आहेत, की मधे बराच समुद्र आहे हे विसरतो. 2024 मध्ये जगभरात विनाकारण झालेल्या शार्कदंशांची नोंद होती 47, त्यांतले 4 जण दगावले. त्या वर्षी समुद्रात उतरलेल्या कोट्यवधी माणसांपैकी किती जणांकडे शार्कचं लक्ष गेलं असेल याची नोंद कुणाकडे नसते, कारण शार्क पाहतो, मनात काय ते ठरवतो आणि निघून जातो. डायव्हर लोकांना विचारा. त्यांची तक्रार निराळीच असते. एवढे पैसे खर्चून आलो, खाली गेलो, आणि शार्क आमच्याकडे पाहून लगेच वळला, थांबला नाही.

जिथं चावे बसतात तिथली परिस्थिती पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फ्लोरिडात न्यू स्मर्ना बीचवर असे प्रसंग बरेच होतात, आणि ते लाटांनी ढवळलेल्या गढूळ पाण्यात, छोट्या माशांच्या मागे लागलेल्या शार्कांकडून. आपल्याकडे 2024च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या खाडीपात्रात एका माणसाच्या पायाला शार्कने गंभीर इजा केली. बुल शार्क खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात शिरतो, आणि खाडीचं पाणी कसं असतं हे कोकणात वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. त्या पाण्यात पिवळं काय आणि काळं काय.

पांढऱ्या शार्कची गोष्ट जरा वेगळी. तो सीलची शिकार खालून करतो. मॅक्वारी विद्यापीठातल्या लॉरा रायन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं, की कोवळ्या पांढऱ्या शार्कच्या नजरेने खालून पाहिलं तर पोहणारा माणूस, फळीवर पालथं पडून हात मारणारा सर्फर आणि सील यांत फरक करता येणं कठीण. पाठीमागे आकाशाचा उजेड असला की प्रत्येक जण काळीच आकृती. तुम्ही मोरपंखी घाला की लिंबूपिवळं, खालून पाहणाऱ्याला सगळी संक्रांतच. शार्क सर्फरला चावतात त्यातले काही चावे तरी अशा अपुऱ्या पाहण्यातून होत असावेत, असा तर्क आहे.

मग रायन आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रयोग केला. दक्षिण आफ्रिकेतल्या मॉसेल बेमध्ये सीलच्या आकाराच्या प्रतिकृती बोटीमागून ओढल्या आणि त्यांच्या पोटाला एलईडी दिवे लावले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दिवे लावलेल्या प्रतिकृतींवर पांढऱ्या शार्कांचे हल्ले पुष्कळच कमी झाले, आणि दिवे प्रखर असले तर परिणाम अधिक. अंधारात दडायचा सल्ला देणारे आपण, आणि इथं उपाय निघाला तो दिवे लावण्याचा! उजेडामुळे ती काळी आकृती मोडली, शार्कच्या मनातलं सीलचं चित्र जुळलं नाही, आणि त्याने नाद सोडला.

मला यातून एक शहाणपण हाती लागल्यासारखं वाटतं. पूर्ण दिसणाऱ्याला धोका कमी, अजिबात न दिसणाऱ्यालाही कमी, पण अर्धवट दिसणाऱ्याची धडगत नाही. पाण्याबाहेरही आपले जे लचके तोडले जातात ते बहुतेक आपली बाह्याकृती तेवढी पाहिलेल्या माणसांकडून. ज्यांनी आपल्याला नीट न्याहाळलेलं असतं ते सहसा चावत नाहीत. फार तर निघून जातात.

आणि न दिसण्याची किंमतही समुद्र वसूल करतो. 1998च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर डायव्हिंगला गेलेलं एक अमेरिकी जोडपं पाण्याखाली असतानाच त्यांची बोट परत निघून गेली. मोजणी चुकली होती. दोघं मागे राहिली हे लक्षात यायला दोन दिवस लागले, आणि ती पुन्हा सापडली नाहीत. त्या घटनेवरून पुढे चित्रपट निघाला आणि प्रेक्षक शार्कांना घाबरले. घाबरायला हवं होतं ते मोजणाऱ्याला.

म्हणून डायव्हिंगच्या सामानात पिवळा रंग मुळात का आला ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक डायव्हरकडे श्वासाची एक जादा तोंडनळी असते, तिला ऑक्टोपस म्हणतात, आणि तिची नळी बहुधा पिवळी असते. ती स्वतःसाठी नसते. जोडीदाराची हवा संपली, तो घाबरा झाला, तर त्याने गोंधळात चाचपडू नये, त्याच्या नजरेला ती आधी पडावी, म्हणून ती पिवळी. वर आल्यावर डायव्हर एक लांबट फुगा सोडतो, नारिंगी किंवा पिवळा, बोटवाल्याला दुरून दिसावा म्हणून. या फुग्याला डायव्हर लोक लाडाने 'सेफ्टी सॉसेज' म्हणतात. शार्कच्या प्रदेशात तरंगत असताना ज्याच्या भरवशावर जीव आहे त्या वस्तूला खाद्यपदार्थाचं नाव देणाऱ्यांना माझा नमस्कार असो. पण तो फुगा शार्कला आधी दिसेल या भीतीने कुणी काळा करून घेतल्याचं ऐकलं नाही. 'यम यम यलो' म्हणणाऱ्यांनीही जीवरक्षक जाकिटं काही सरसकट काळी केली नाहीत. शार्क येईल न येईल, विमान यायलाच हवं.

मालवणात हा प्रश्न घेऊन गेलात तर मात्र तो वेगळ्याच बाजूने परत येईल. तारकर्लीला आता दरवर्षी हजारो पर्यटक स्कुबाला येतात. एमटीडीसीची डायव्हिंग शिकवणारी संस्था तिथं आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात नवशिक्यांना हात धरून खाली नेतात. पुण्याहून आलेला एखादा पाहुणा उतरण्यापूर्वी हमखास विचारतो, इथं शार्क आहेत का? त्यावर मालवणी उत्तर साधारण असं पडेल: "मोरी खंय गावली तर आमका पयली सांगा, मटाण करूया." मोरीचं मटण म्हणजे ओल्या नारळाचं वाटण, तिरफळं आणि वाफाळता भात. गोव्यात तिचंच आंबोटिक करतात. मुशी, कानमुशी, मोरी, ही शार्कचीच नावं आपल्या किनाऱ्यावर भीतीपेक्षा भुकेशी जास्त जोडलेली आहेत. भारत जगातल्या सर्वांत जास्त शार्क पकडणाऱ्या देशांपैकी एक. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे जगभरात वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क माणसाच्या हातून मरतात. त्यांच्या बाजूने पाहिलं, तर कोणता रंग अंगावर घेऊन फिरावं म्हणजे माणसाचं लक्ष जाणार नाही, हा प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता.

त्यांनी तो विचारलेला आहे, फार पूर्वी. शार्कची पाठ गडद असते आणि पोट फिकट. वरून पाहिलं तर तो खालच्या काळोखात मिसळतो, खालून पाहिलं तर वरच्या उजेडात. कोट्यवधी वर्षं टिकलेला हा पोशाख दुसऱ्या कुठल्या प्राण्याच्या नजरेला फसवायला पुरेसा होता. जाळ्याला नजर नसते, त्यामुळे जाळ्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

इथंही उपाय निघाला तो उजेडाचाच. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांना हिरवे एलईडी दिवे लावून पाहिले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, शार्क आणि पाकट यांच्या कुळातले जे मासे नको असताना जाळ्यात अडकतात त्यांचं प्रमाण 95 टक्क्यांनी घटलं. जाळं दिसलं आणि ते बाजूने निघून गेले. कोळ्याला जे मासे हवे होते त्यांत फारशी तूट आली नाही. मॉसेल बेमध्ये दिवा माणसाच्या बाजूने लावला होता, बाहामध्ये शार्कच्या बाजूने. दोन्हीकडे वाचवलं ते नीट दिसण्याने.

तेव्हा कुणी विचारलंच, तर माझं मत पिवळ्याच्या बाजूने आहे. दागिने काढून ठेवावेत, हात अंगाशी ठेवावेत, गढूळ पाण्यात उतरू नये, आणि फिन खुशाल पिवळे घ्यावेत. शार्कने तुमची दखल घ्यायची ती तुमच्या बुडबुड्यांवरून घेतलेलीच असते. त्याच्या हिशेबात कपड्यांचं खातं फार बारीक आहे. रंगाची गरज आहे ती वर बोटीवर उभं राहून डोकी मोजणाऱ्या माणसाला. तो रंगांध नसावा, एवढी चौकशी मात्र पैसे भरण्याआधी करून ठेवावी.